चित्रात सूर्य कुठेय?

लॅपटॉपवर जे उमटलं ते काजूसारखं दिसत होतं. एक काजू नाही, एकावर एक ठेवलेले पुष्कळ काजू, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरासा सरकलेला, आणि त्या सगळ्यांच्या पोटात मी ठेवलेला निळा ठिपका, म्हणजे आपली पृथ्वी. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आत्या आतल्या खोलीत डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून झोपली होती, सकाळी नऊला मला ऑफिसचा कॉल होता, आणि मी साताऱ्यातल्या तिच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याला लावलेल्या छोट्या टेबलाशी बसून त्या काजूंकडे बघत होते आणि मला खरंच भरून आलं होतं.

झालं होतं असं की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला, २०८३ पर्यंत आपल्यासोबत राहणार. बातमी २०२५ पीएन७ नावाच्या लघुग्रहाची होती, ऑगस्ट २०२५ मध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सापडलेला, जेमतेम वीसेक मीटरचा दगड. खाली सगळ्यांचे अंगठे आणि चंद्रकोरी. मला राहवेना, कारण तो चंद्र नाही, आणि नुसतं 'चंद्र नाही' एवढंच म्हणून सोडून द्यावं असंही ते प्रकरण नाही. तो जे काय आहे ते चंद्र असण्यापेक्षा जास्त विलक्षण आहे. मी ग्रुपवर मोठा मेसेज लिहायला घेतला, तो वाढतच गेला, मग पुसला. आणि ठरवलं की आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघू.

बघायला मी घेतला त्याच जातीतला, पण जास्त अभ्यास झालेला भाऊबंद. २७ एप्रिल २०१६ ला माउई बेटावरच्या हालेआकाला डोंगरावरून त्याच पॅन-स्टार्सने टिपलेला, २०१६ एचओ३. पुढे त्याचं बारसं झालं कामोओआलेवा. आकार ४० ते १०० मीटरच्या मधला कुठेतरी. चाळीसच धरले तर चार एसट्या एकामागे एक उभ्या केल्या की झालं, एवढुसा. स्वतःभोवती २८ मिनिटांत एक गिरकी घेतो, म्हणजे आपल्या एका दिवसात तिथे पन्नासच्या वर सूर्योदय. इतका अंधुक की नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी मंद ताऱ्याच्याही चाळीस लाख पटीने मंद, आणि तोही वर्षातून एकदाच, एप्रिलच्या आसपास थोडे आठवडे, ते पण मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणींना. हालेआकालाचा अर्थ सूर्याचं घर. सूर्याच्या घरातून पहिल्यांदा दिसला, हे मला फार आवडलं होतं. ते पुढे असं कामाला येईल हे तेव्हा माहीत नव्हतं.

नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेकडे हॉरायझन्स नावाची सोय आहे, कुणालाही फुकट, कुठला दगड कुठल्या दिवशी कुठे होता आणि कुठे असेल त्याचे आकडे देते. मी बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आकाशाचं शिक्षण वगैरे काही नाही, पण आकड्यांचे तक्ते आणि आलेख हे रोजचं काम. तर मी आकडे उतरवले आणि आधी सूर्य मध्ये ठेवून चित्र काढलं. अगदी साधं चित्र. पृथ्वीचं वर्तुळ, आणि त्याच्यावर जवळजवळ तसंच दुसरं, थोडं चेपलेलं, थोडं कललेलं. कामोओआलेवा सूर्याच्या जवळ येतो तेव्हा पृथ्वीच्या साधारण नऊ-दशांश अंतरावर असतो, लांब जातो तेव्हा अकरा-दशांशवर, आणि कक्षेचा कल आठएक अंश. फेरी साधारण वर्षाची. बस. हे बघून कुणाला काही वाटणार नाही.

मग मी चित्र फिरवलं. म्हणजे रोजच्या रोज सगळंच असं वळवायचं की पृथ्वी जागची हलणारच नाही, आणि मग तिच्या जागेवरून तो दगड कसा दिसतो ते बघायचं. आणि आले काजू.

हे समजावून सांगायला मला आत्याचंच देऊळ आठवतं. तिच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचं लहानसं देऊळ आहे, भोवती फरशी, फरशीला कंपाउंडची भिंत, आणि आत्या वर्षानुवर्षं तिथे अकरा प्रदक्षिणा घालते. समजा ती आपल्या ठरल्या चालीने, गाभाऱ्यापासून ठरावीक अंतर राखून चाललीये. आणि दुसरी एक बाई आहे जी अर्धी फेरी गाभाऱ्याच्या भिंतीला चिकटून झपझप चालते आणि अर्धी फेरी बाहेरून, कंपाउंडच्या कडेने, रेंगाळत. फेरी मात्र दोघींची बरोबर एकाच वेळी पुरी होते. आता आत्याला काय दिसेल? गणपती उजव्या हाताला, म्हणजे ती बाई उजवीकडून येऊन पुढे निघून जाते, मग समोरून डावीकडे सरकते, डावीकडून मागे पडते, आणि परत उजवीकडे उगवते. आत्याला वाटणार ही बाई माझ्याचभोवती फिरतीये, तेही उलटी! आणि त्या बाईच्या मनात आत्या नाहीच मुळी, ती देवाला प्रदक्षिणा घालतीये.

कामोओआलेवा ती दुसरी बाई आहे. सूर्याच्या जवळून जाताना वेग वाढतो, म्हणून पृथ्वीच्या पुढे निघतो, लांबून जाताना मंदावतो, म्हणून मागे पडतो, आणि वर्षभरात पृथ्वीभोवती एक उलटी फेरी झाल्यासारखी दिसते. अशा दगडांना अर्ध-उपग्रह म्हणतात. चंद्र पृथ्वीने धरून ठेवलाय, ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. पृथ्वी एखाद्या वस्तूला खरोखर आपलं म्हणून धरून ठेवू शकते ती साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंत, त्यापलीकडे सूर्याचं राज्य. आणि हा दगड जवळात जवळ येतो तेव्हाही जवळपास दीड कोटी किलोमीटरवर असतो, लांब जातो तेव्हा पावणेचार कोटीच्या वर. म्हणजे आपल्या कुंपणाच्या दहापट बाहेर. पृथ्वी उद्या नाहीशी झाली तरी हा आपली सूर्याची फेरी तशीच चालू ठेवेल.

पण इथे थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. दोघांची वर्षं कायम तंतोतंत जुळतात असं नाही, दगड कधी थोडा पुढे सरकत जातो कधी मागे, आणि पृथ्वीचं काहीच चालत नसतं तर तो सरकत सरकत केव्हाच सूर्याच्या पलीकडच्या बाजूला गेला असता. जात नाही. का नाही जात, हे समजायला मला तीन संध्याकाळ लागल्या. तो पुढे सरकला म्हणजे अख्खा काजूच पुढे सरकतो, आणि मग काजूचं मागचं टोक पृथ्वीच्या जास्त जवळ येतं. त्या टोकाशी असताना दगड पृथ्वीच्या मागे असतो, म्हणून पृथ्वी त्याला जराशी पुढे ओढते. आपल्याला वाटेल, पुढे ओढला तर अजूनच पुढे जाईल. आकाशात उलटं होतं. पुढे ओढलं की त्याची ऊर्जा वाढते, कक्षा किंचित मोठी होते, मोठ्या कक्षेला फेरीला वेळ जास्त लागतो, आणि तो हळूहळू मागे येतो. मागे पडला की हेच सगळं दुसऱ्या टोकाशी. म्हणजे पृथ्वी त्याला बांधत नाही पण दर खेपेला जाता जाता एवढासा हात लावते, आणि तेवढ्यावर तो जवळपास शंभर वर्षं सोबत टिकलाय आणि हिशेब सांगतो की अजून काही शतकं टिकेल. त्या रात्री प्रत्येक काजू आधीच्यापेक्षा सरकलेला आणि तरी निळ्या ठिपक्याला सोडून न गेलेला बघितला आणि मला ते सगळं एकदम दिसलं, वाचून जे कळलं होतं ते डोळ्यांना दिसलं.

सगळे टिकत नाहीत पण. २००३ वायएन१०७ नावाचा एक होता, असाच काही वर्षं सोबतीला होता, मग निघून गेला.

आता आत्याबद्दल सांगते. मी तिच्याकडे बारा दिवस होते, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आत्या ब्याऐंशीची. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, रिटायर होऊनही आता पंचवीस वर्षं होतील. आमचं घर शनिवारात, ती मंगळवारात, चालत वीस मिनिटं. आणि माझ्या अख्ख्या लहानपणात एक रविवार असा आठवत नाही की आत्या आली नाही. साडेदहाला फाटकाची कडी वाजायची. पिशवीत कधी चिंचा, कधी रद्दीच्या कागदात बांधलेल्या शेंगा. आईला पोळ्या लाटून द्यायची, आमची आठवड्याची गणितं बघायची, बाबांशी पेपरमधल्या कशावरून तरी वाद घालायची, पाचचा चहा प्यायची आणि निघायची. राहा म्हटलं तर कधी राहिली नाही. दिवाळीत, गणपतीत, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा नाही, रात्री अकराला बाबा तिला स्कूटरवर सोडून आले. आणि आम्हा भावंडांच्या मनात पक्कं बसलेलं की बिचारी एकटी आहे, आठवडाभर रविवारची वाट बघत असणार, आपण आहोत म्हणून तिला कोणीतरी आहे. आई डब्यात तिच्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पण तेच असायचं. प्रेमच होतं ते, खोटं काही नव्हतं.

बाबा गेले, आई माझ्याकडे पुण्याला आली, शनिवारातलं घर विकलं. मी आत्याला दर वर्षी म्हणते, आता तू पण ये, कोथरूडला तीन खोल्या आहेत, लिफ्ट आहे. ती म्हणते, "बघू." ऑपरेशनला सुद्धा पुण्याला यायला तयार नव्हती, म्हणून मीच लॅपटॉप घेऊन गेले.

आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी सहाला दार वाजलं आणि सात मुली आत आल्या. चपला ओळीत काढल्या, कोपऱ्यातली चटई स्वतःच उलगडली, एकीने भिंतीवरचा फळा ओल्या फडक्याने पुसला. तो फळा मी चाळीस वर्षं बघत आले होते. मला वाटायचं शाळेची आठवण म्हणून ठेवलाय. आठवी ते दहावीच्या मुली, आसपासच्याच, कुणाची आई चार घरी धुणंभांडी करते, कुणाचे वडील भाजीच्या गाड्यावर. फी वगैरे काही नाही. आत्या काळा गॉगल लावून, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय म्हणून ताठ बसून, त्यांच्याकडून त्रिकोणाची सिद्धता वदवून घेत होती. आठ वाजता मुली गेल्या, मग फोन सुरू झाले. एक नाशिकहून, एक थेट मस्कतहून, सगळ्या पूर्वीच्या, "बाई, डोळा कसा आहे?" एकीची आजी पण आत्याच्याच हाताखाली शिकलेली. मी ओट्याशी उभी राहून खिचडीला फोडणी देत होते आणि मला काही सुचत नव्हतं.

दोनतीन दिवसांनी डोळ्यात थेंब घालताना मी विचारलं, "आत्या, तू आमच्याकडे रविवारीच का यायचीस गं नेमकी?"

ती वर छताकडे बघत म्हणाली, "रविवारी मुली नसतात ना."

एवढंच. अगदी सहज. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. रात्री झोप येईना, म्हणून ते अर्धवट राहिलेलं चित्र काढायला बसले आणि पावणेदोनला ते काजू उमटले. भरून का आलं ते आता सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

कामोओआलेवाबद्दल अजून एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे नाव २०१९ मध्ये ठरलं. हवाईत हिलो गावातल्या इमिलोआ खगोलकेंद्राचा उपक्रम आहे, त्यात हवाईयन भाषेत शिकणारी मुलं आणि त्यांचे जाणते मिळून तिथल्या दुर्बिणींना सापडलेल्या गोष्टींना आपल्या भाषेतलं नाव देतात. त्यांनी हे नाव आपल्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या जुन्या मंत्रातून काढलं. 'मोओ' म्हणजे मोठ्या वस्तूचा तुटलेला तुकडा, 'लेवा' म्हणजे झुलणारा, हेलकावणारा. आईपासून सुटून एकटं प्रवासाला निघालेलं मूल, असा त्याचा भाव. मुलांनी त्याचं झुलणं बघून नाव दिलं होतं. तुकडा कशाचा, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळायला लागलं २०२१ मध्ये. अ‍ॅरिझोना विद्यापीठात बेंजामिन शार्की नावाचा विद्यार्थी, त्याचे मार्गदर्शक विष्णू रेड्डी, आणि ग्रहांच्या कक्षांवर आयुष्य घालवलेल्या, दिल्लीत जन्मलेल्या रेणू मल्होत्रा, अशा मंडळींनी माउंट ग्रॅहमवरच्या जोड-दुर्बिणीतून त्या ठिपक्याचा प्रकाश फोडून बघितला. कुठल्या खनिजावरून सूर्यप्रकाश कसा परत येतो त्यावरून दगडाची जात ओळखतात. हा ओळखीच्या लघुग्रहांपैकी कुणाशीच जुळेना. भलताच तांबूस. विश्वास बसेना म्हणून परत बघायचं ठरलं, पण बघायची संधी वर्षातून एकदा, आणि २०२० चा एप्रिल कोविडने खाल्ला, दुर्बीणच बंद. २०२१ मध्ये परत पाहिला. जुळला तो अपोलो १४ ने आणलेल्या चंद्रावरच्या मातीशी.

म्हणजे हा चंद्राचा तुकडा असावा. कधीतरी चंद्रावर काहीतरी आदळलं, दगड उडाले, ज्यांचा वेग सेकंदाला २.४ किलोमीटरच्या वर गेला ते चंद्राला सोडून निघाले. त्यातले बहुतेक कुठे कुठे गेले, पृथ्वीवर पडले, सूर्याभोवती लांब भटकले, आणि अगदी थोडे, नेमक्या वेगाचे, पृथ्वीच्या वाटेवर तिच्याच चालीने चालायला लागले. २०२४ मध्ये एका अभ्यासाने तर विवराकडे बोट दाखवलं, चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला असलेलं जिओर्दानो ब्रुनो, २२ किलोमीटर रुंद, गेल्या एक कोटी वर्षांच्या आतलं, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने कालपरवाचं. सातवीत आत्याने आम्हाला शाळेच्या सहलीबरोबर लोणारला नेलं होतं. सरोवराच्या काठावर उभं राहून पलीकडची माणसं मुंग्यांएवढी पण दिसत नव्हती, आणि ते विवर १.८ किलोमीटरचं. बावीस किलोमीटरचं म्हणजे किती, ते मला तिथे उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं.

ठाम पुरावा हातात आलेला नाही, हेही सांगायला हवं. चीनचं त्यानवेन-२ हे यान त्यासाठीच मे २०२५ च्या अखेरीस शीचांगहून निघालं, २०२६ मध्ये तिथे पोचून, नमुना घेऊन २०२७ च्या शेवटी तो पृथ्वीवर टाकायचा असा बेत आहे. जिथे वजन जवळजवळ नाहीच आणि दर २८ मिनिटांनी जमीन एक चक्कर घेते तिथून मूठभर माती उचलायची आहे. मी रोज त्यांच्यासाठी मनातल्या मनात हात जोडते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुली यायच्या आधी, मी लॅपटॉप आत्यासमोर ठेवला. पट्टी निघाली होती, नव्या डोळ्याने तिला सगळं निळं निळं आणि स्वच्छ दिसत होतं, सकाळपासून ती जुनी पातेली सुद्धा उचलून बघत होती. मी सगळं सांगितलं, देवळाचं पण. तिने चित्राकडे बराच वेळ बघितलं.

"ही पृथ्वी?"

"हो."

"आणि हा दगडाचा मार्ग. वर्षाला एक फेरा."

"हो."

"मग सूर्य कुठेय?"

मी सूर्य काढलाच नव्हता. चित्र पृथ्वीवरून काढायचं होतं नं, तर त्याची गरजच वाटली नाही. मी म्हटलं, "तो इथे मावत नाही आत्या, बाहेर जातो."

"किती बाहेर?"

मी हिशेब केला. स्क्रीनवर काजूची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर, ती खऱ्यात पृथ्वी-सूर्य अंतराच्या चार-दशांशाच्या आसपास, म्हणजे सूर्य निळ्या ठिपक्यापासून वीसेक सेंटिमीटर, स्क्रीनच्या डाव्या कडेच्या पलीकडे, टेबलावर. आत्याने हात पसरला, अंगठा निळ्या ठिपक्यावर टेकवला, वीत मोजली, करंगळी जिथे आली तिथे थेंबांच्या बाटलीचं पांढरं झाकण ठेवलं.

"इथे?"

"इथे."

ती झाकणाकडे बघत राहिली, मग काजूंकडे, परत झाकणाकडे. आणि म्हणाली, "आता पटलं. त्याच्याशिवाय हे चित्र म्हणजे उत्तर आहे पण रीत नाही."

मी पुढच्या वर्षी कोथरूडला ये असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. त्याऐवजी म्हटलं, "आत्या, आता मी येत जाईन. रविवारी."

"ये की," ती म्हणाली. "रविवारी मी मोकळीच असते."

तेवढ्यात दार वाजलं. चपला, चटई, फळा. मी लॅपटॉप उचलून ओट्यावर ठेवला. एक दोन वेण्यांची मुलगी टेबलापाशी वही काढायला आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या औषधाचं झाकण इथे पडलंय, लावू का?"

"राहू दे तिथेच," आत्या म्हणाली. "तो सूर्य आहे. कालचं गणित कुणाकुणाचं राहिलंय?"